मामांच्या साथीचा दिवस

संचालक मंडळाच्या बैठकीत कप्तानबाईंनी यंदाचं नाव सांगितलं तेव्हा अध्यक्षांनी आधी चष्मा काढला, पुसला, पुन्हा घातला आणि मग विचारलं, "पण त्यांची गाणी कुठली?"

"एकही नाही," कप्तानबाई म्हणाल्या.

"मग दिवसभर वाजवायचं काय?"

"तीच तर यंदाची गंमत आहे."

कला केंद्रात वर्षातून एक दिवस असा यायचा, की सकाळी उघडलेला पडदा थेट दिवेलागणीलाच मिटायचा. एका कलावंताला मानवंदना म्हणून त्याची सगळी गाणी सलग व्हायची. गाणारे गावातलेच. बेकरीवाला, दातांची डॉक्टरीण, शाळेचं गायनपथक, निवृत्त न्यायाधीश. लोक येत, जात, मध्ये घरी जाऊन जेवून येत, मांडीवर झोपलेली पोरं सांभाळत ऐकत. हा उपक्रम कप्तानबाईंनीच सुरू केला होता आणि तो कसा चालवायचा हे त्यांना आपल्या घरातल्या दिव्यांच्या बटणांइतकं पाठ होतं. कप्तानबाई हे त्यांचं खरं नाव नव्हे. एकदा नाटक ऐन रंगात असताना वीज गेली, तर बाईंनी विंगेत उभं राहून हातातल्या विजेरीच्या इशाऱ्यावर अख्खा अंक पार पाडला. तेव्हापासून सगळे त्यांना कप्तानबाईच म्हणू लागले. नवरासुद्धा.

यंदाचं नाव होतं मामांचं. मामा म्हणजे कप्तानबाईंच्या आईचे धाकटे भाऊ. पण भाची मामा म्हणते म्हणून केंद्रात सगळेच त्यांना मामा म्हणायला लागले आणि हळूहळू ते साऱ्या गावाचे मामा होऊन बसले. मामा पियानोवर साथ करायचे. फक्त साथ. नृत्याच्या परीक्षा असोत, शाळेचं स्नेहसंमेलन असो की कुणा होतकरू गायकाचा पहिला कार्यक्रम असो, पियानोवर मामा ठरलेले. कार्यक्रमपत्रिकेत त्यांचं नाव सगळ्यात खाली बारीक अक्षरांत असायचं, नाहीतर नसायचंच. दोन वर्षांपूर्वी त्यांना पक्षाघाताचा झटका आला. त्यातून ते उठले, काठी घेऊन हिंडू लागले, पण उजवा हात काही ऐकेना.

"माझ्या डोक्यात एक कल्पना आहे," अध्यक्ष म्हणाले. "रंगमंचाच्या मधोमध त्यांचा पियानो, रिकामं स्टूल, आणि वरून प्रकाशाचा एकच झोत. लोकांच्या डोळ्यांना धारा लागतील."

"मामा जिवंत आहेत, साहेब. पहिल्या रांगेत बसून ते स्वतःचं रिकामं स्टूल बघणार का?"

अध्यक्षांनी पुन्हा चष्मा काढला.

"स्टूल एक क्षणही रिकामं राहणार नाही," कप्तानबाई म्हणाल्या. "ज्यांना ज्यांना मामांनी साथ केली त्यांनी यायचं आणि एकेक गाणं म्हणायचं. ज्याचं गाणं झालं त्याने पियानोवर बसायचं आणि पुढच्याला साथ करायची. अशी सकाळपासून संध्याकाळपर्यंत साखळी."

"आणि ज्याला साथ येत नसेल?"

"तो शिकेल. दोन महिने आहेत."

त्यांचा आवाज इतका निवांत होता की विरोध करायला कुणाला जागाच सापडेना. ठराव मंजूर झाला.

खरी परीक्षा पुढेच होती. मामा गॅलरीत बसून उजव्या हातात रबरी चेंडू दाबत होते. समोर मामी मटार सोलत होत्या. कप्तानबाईंनी सगळं सांगितलं तशी मामांनी चेंडू मांडीवर टाकला.

"सत्कार-बित्कार मला नको. मी गेल्यावर काय करायचं ते करा."

"तुम्ही गेल्यावर तुमची चुका काढायची हौस कोण भागवणार?" मामी मान वर न करता म्हणाल्या. "आत्ताच करू दे तिला. निदान तुम्हाला नावं तरी ठेवता येतील."

मामांनी चेंडू पुन्हा उचलला आणि म्हणाले, "भाषण नको. एक जरी माणूस माइकसमोर माझ्याबद्दल बोलायला लागला ना, तर मी उठून घरी येईन."

"मीसुद्धा बोलणार नाही," कप्तानबाई म्हणाल्या.

"तू नाही बोलणार?" मामी हसल्या. "मग मी येतेच. हे बघायलाच हवं."

कार्यक्रमाची बातमी लागली आणि माणसं नुसती लोटली. मामांनी कुणाकुणाला साथ केली होती हे मामांनाही आठवलं नसतं. कप्तानबाईंनी तालमीच्या लहान खोलीची एक भिंत रिकामी केली, तिच्यावर रंगीत चिठ्ठ्या चिकटवल्या आणि रोज संध्याकाळी तिच्यासमोर उभं राहून त्या चिठ्ठ्या इकडच्या तिकडे करू लागल्या. या कामातलं त्यांना सगळं ठाऊक होतं. दुपारी जेवून आलेलं सभागृह पेंगतं, तिथं ढोल आणि तुतारीवाले हवेत. दोन रडकी गाणी पाठोपाठ आली की लोक घड्याळ बघतात. कच्चा गायक पहिल्या तासातच उरकायचा, कारण तेव्हा लोकांचं मन मोठं असतं. पण यंदा कोण कुणाच्या पाठोपाठ हा प्रश्न म्हणजे थेट सोयरीक जुळवण्यासारखा होता. दातांच्या डॉक्टरीणबाईंना त्यांनी त्यांच्याच एका घाबरट पेशंटची साथ दिली. वर्षानुवर्षं एकमेकींशी न बोलणाऱ्या दोन सख्ख्या बहिणी एकीमागे एक लावल्या.

प्रकाशयोजना बघणारा नवरा भिंतीकडे बघून म्हणाला, "आग लावतेयस."

"धाकटीला मोठीची साथ ऐकावी लागेल. न बोलता ऐकता येतं की."

आणि मग बादशहा आला.

बादशहा म्हणजे केंद्रातून निघून मोठमोठ्या सभागृहांत पोहोचलेला गायक. आवाज असा, की मागच्या रांगेतला माणूससुद्धा सरळ बसायचा. मिसरूड फुटायच्या वयात तो मामांच्या साथीने पहिल्यांदा गायला होता, आणि निरोप मिळताच आपले दोन कार्यक्रम पुढे ढकलून आला होता. कौतुकच होतं. पण भिंतीवर आपल्यानंतर कुणाची चिठ्ठी आहे ते वाचून तो थबकला.

"ताई, मी शाळेची बस चालवणाऱ्या बाईला साथ करायची?"

"हो. छान गाते. सणवार काही न बघता, तिला हौस आली की मामांनी साथ केलीय."

"गाणं म्हणायला सांगा, दहा म्हणतो. पण साथ... लोक काय म्हणतील?"

कप्तानबाईंनी त्याच्याकडे नीट पाहिलं. तो एवढासा असल्यापासून त्या त्याला ओळखत होत्या. नाक फुगवून बोलायला लागला की आत पाचावर धारण बसलेली असते, हे त्यांना माहीत होतं.

"तुला पियानो येत नाही, हेच ना?"

बादशहाचं नाक खाली आलं. "येतो. म्हणजे घरी येतो. दार लावून."

"मग उद्यापासून दार उघडं ठेवून वाजव. बसवाली शाळा सुटली की येते. वेळेवर ये, ती थांबत नाही कुणासाठी."

तो आला. रोज आला. तालमी बऱ्या होत होत्या असं म्हणायला हरकत नाही. बसवाली सुरात होती, तो तालात होता, फक्त दोघं एकत्र नव्हते. कप्तानबाई दारात उभ्या राहून ऐकत आणि काही न बोलता निघून जात. "सांगत का नाहीस त्याला?" असं नवऱ्याने विचारलं तर म्हणाल्या, "माझं ऐकून तो माझ्यासाठी वाजवेल. तिच्यासाठी नाही."

कार्यक्रमाच्या दिवशी सभागृह सकाळीच भरलं. मामा पहिल्या रांगेत कडेला बसले, काठी गुडघ्यांमध्ये, आणि शेजारी मामी. पडदा उघडला. कुणी प्रास्ताविक केलं नाही, कुणी दिवा लावला नाही. पहिली गायिका आली, स्वतःच वाजवत गायली, वाकली आणि पुन्हा पियानोवर बसली. दुसरा आला. पहिल्या दोन-चार जणांपर्यंत लोकांना नेमकं काय चाललंय ते उमगेना. मग उमगलं, आणि सभागृहात एक कुजबुज पसरत गेली. आता गाणं संपलं की टाळ्या पडत आणि लगेच सगळे श्वास रोखून बघत, की हा आता कसा वाजवतोय. गाताना ऐटीत असलेली माणसं पियानोवर बसली की परीक्षेला बसल्यासारखी दिसत. निवृत्त न्यायाधीश तर जीभ बाहेर काढून वाजवत होते. दोघी बहिणींपैकी मोठीने धाकटीला साथ केली. मध्ये धाकटी कडवं विसरली तेव्हा मोठीने वाजवता वाजवता पुढचा शब्द हळूच सांगितला. इतक्या वर्षांत तिने धाकटीशी उच्चारलेला तो पहिला शब्द. मामा एकदाही हसले नाहीत. कधी भुवई उडवायचे, कधी काठीचं टोक जमिनीवर हलकेच आपटून लय धरायचे. विंगेतून कप्तानबाई रंगमंचापेक्षा त्या काठीकडेच जास्त बघत होत्या.

दुपार कलल्यावर बादशहा आला. नुसता आला तरी टाळ्या. त्याने गाणं असं म्हटलं, की पेंगलेली पोरंही उठून बसली. मग तो वाकला, कोट सावरला आणि पियानोवर बसला. बसवाली पुढे आली. बाई ठेंगणी, ठाम पावलांची, केस घट्ट बांधलेले. तिचं गाणं संथ होतं, कुणाची तरी वाट बघणाऱ्या माणसाचं. बादशहाने सुरुवात केली तीच भरधाव. टाळ्यांची नशा अजून उतरली नव्हती त्याची. वर सुरांची अशी आतषबाजी, की बाईचा आवाज खाली कुठेतरी गुदमरला. एक ओळ ती धावली. दुसरी ओळ धावली. तिसरीला थांबली आणि वळली.

"साहेब," ती माइकमधूनच म्हणाली, "ही बस माझी आहे. मी चालवते. तुम्ही बसा."

अध्यक्षांनी विंगेत कप्तानबाईंचा दंड पकडला. "पडदा टाका! पडदा!"

"हात काढा," कप्तानबाई म्हणाल्या, "आणि बघा."

पहिल्या रांगेतून एक आवाज आला, खाकरल्यासारखा. तो मामांचा होता. मामा हसत होते. काठीवर कपाळ टेकून, खांदे गदगदवत. ते बघून अख्खं सभागृह फुटलं. बादशहा कानापर्यंत लाल झाला. जागेवरून उठतो की काय असं वाटलं. पण त्याने कोट काढला, स्टुलाखाली ठेवला आणि बाईकडे बघून म्हणाला, "चला. कुठे न्यायची?"

यावेळी त्याने आधी वाजवलंच नाही. तिच्या पहिल्या शब्दाची वाट पाहिली आणि मग खालून हात दिला. बरोबर वाजवलं असं नाही, दोनदा चुकला. पण बाई गायली, आणि गाताना तिने एकदाही मागे वळून पाहिलं नाही. मामांच्या काठीचं टोक जमिनीवर हळूहळू पडत होतं.

शेवटची काही गाणी उरली असताना मामी विंगेत आल्या. पदराने चेहरा टिपत त्यांनी विचारलं, "अगं, शेवटी कोण आहे?"

"न्यायाधीशांची सून. ती गाईल आणि पडदा."

"मग ती साथ कुणाला करणार?"

"कुणालाच नाही. साखळी तिथं संपते."

"संपते कशी? मला गायचंय."

कप्तानबाईंनी कार्यक्रमाच्या दिवशी क्रम कधीच बदलला नव्हता. शिवाय मामींचं गाणं त्यांनी लहानपणापासून ऐकलं होतं. मामी शेगडीपाशी एका पट्टीत सुरू करायच्या आणि नळापाशी पोहोचेपर्यंत पट्टी तीनदा बदललेली असायची. घरात यावरून विनोद चालायचे आणि मामीही त्यात हसायच्या.

"मामी, खरंच?"

"अगं, साऱ्या गावाला साथ केली यांनी. मला एकदा नाही. 'तू गा, मी ऐकतोय' म्हणायचे आणि वर्तमानपत्र उघडायचे." त्यांच्या आवाजात तक्रार नव्हती, दुकानात घ्यायची राहून गेलेली एखादी वस्तू मागावी तसा सूर होता. "आज सगळ्यांची पाळी आली. माझी पण येऊ दे."

"आणि साथ कोण करणार?"

"हेच."

"मामी, हात..."

"डावा आहे की चांगला. मी तरी कुठे दोन गळ्यांनी गाणार आहे?"

शेजारी उभ्या अध्यक्षांचा चेहरा पांढराफटक पडला. "कप्तानबाई, दिवसभर एवढं छान झालं आणि शेवट असा... विचार करा."

कप्तानबाईंनी विचार केला. फार वेळ नाही. कच्चा गायक पहिल्या तासातच उरकायचा, हा नियम त्यांचाच होता. तो आज उलटा करायचा, असं त्यांनी ठरवलं.

"मामांना विचारायचं नाही," त्या म्हणाल्या. "विचारलं तर नाही म्हणतील. तुम्ही सरळ जाऊन सुरू करा."

न्यायाधीशांच्या सुनेचं गाणं संपलं. पडद्याची वाट बघत लोक उठू लागले होते, तेवढ्यात मामी रंगमंचावर चालत आल्या. सून त्यांना बघून गोंधळली, आणि तिला साथ करणारा स्टुलावरून उठून बाजूला झाला. मामी पियानोला हात टेकून उभ्या राहिल्या आणि त्यांनी खाली पहिल्या रांगेत पाहिलं. मामांनी मान हलवली. नाही. स्पष्ट नाही. उजवा हात उचलून दाखवला, म्हणजे डाव्याने उचलून.

मामींनी गायला सुरुवात केली.

जुनं, सगळ्यांना येणारं गाणं होतं. पहिली ओळ कशीबशी जागेवर राहिली. दुसऱ्या ओळीला पट्टी घसरली. कुणीतरी खोकलं. तिसऱ्या ओळीला मामी भलतीकडेच निघाल्या, आणि त्या कुठे चालल्यात याचा कुणालाच थांग लागेना. कप्तानबाईंनी विंगेचा पडदा मुठीत धरला.

मामांना ते सहन होईना. जन्मभर कुणाचंही गाणं त्यांनी असं उघड्यावर पडू दिलं नव्हतं. ते उठले. बादशहा धावत त्यांना हात द्यायला गेला, तो त्यांनी झटकला, आणि काठी टेकत पायऱ्या चढले. मामी गातच होत्या. मामा स्टुलावर बसले, उजवा हात मांडीवर ठेवला, आणि डाव्याने पहिला सूर दाबला.

तो मामींच्या सुराखाली बरोबर बसला. पुढच्या ओळीत मामी सरकल्या. मामाही सरकले. त्या वर गेल्या, ते वर गेले. त्या लांबल्या, ते थांबले. मध्येच शब्द आठवेना तेव्हा मामा त्याच दोन सुरांवर शांतपणे फिरत राहिले, जणू गाणं तिथं थांबायचंच होतं, आणि शब्द सापडताच दोघं पुढे निघाले. दुसऱ्या कडव्यापर्यंत सभागृहात कुणालाच ते गाणं चुकीचं वाटेना. ते आधीपासून असंच असावं, आपल्यालाच सरळसोट पाठ झालं होतं, असं वाटायला लागलं.

बादशहा विंगेत येऊन उभा होता. "पट्टी कुठली आहे ही?" तो पुटपुटला. "हे कसं करतायत?"

"ऐकून," कप्तानबाई म्हणाल्या.

गाणं संपलं, टाळ्या पडल्या. त्या थांबेनात. मामा उठले नाहीत, वाकले नाहीत. त्यांनी मामींना काहीतरी म्हटलं. माइक सुरू होता, त्यामुळे ते सगळ्यांना ऐकू गेलं.

"दुसऱ्या ओळीत काय केलंस ते?"

"तुम्ही उशिरा आलात," मामी म्हणाल्या.

कप्तानबाईंनी पडद्याची खूण केली. डोळे पुसायला त्यांनी पडदा पूर्ण मिटेपर्यंत वाट पाहिली. त्याआधी सवड नव्हती.

घरी सोडायला जाताना मामा मागच्या सीटवर बसून एकेकाची झडती घेत होते. न्यायाधीशांची बोटं कशी काठीसारखी, डॉक्टरीणबाई पायाखालचं पेडल दाबून ठेवतात तेव्हा सगळं कसं गढूळ होतं. मामी खिडकीला डोकं टेकून झोपल्या होत्या.

"आणि बादशहा?" कप्तानबाईंनी आरशातून विचारलं.

"डावा हात फार जड. पण कोट काढला तेव्हापासून बरा." मामांनी जरा विचार केला. "त्याला मंगळवारी पाठव. आणि त्या बहिणींनाही. दोघींना एकत्र."

"तुमच्या घरी?"

"घरी कशाला? केंद्रात. लहान खोली मोकळी असते ना?"

ती मोकळी नसायची. मंगळवारी तिथं संचालक मंडळाची बैठक असे. कप्तानबाईंनी बैठक जिन्याखालच्या जागेत हलवली. पहिल्या मंगळवारी अध्यक्ष खुर्ची ओढत कुरकुरले, की इथं वाकून बसावं लागतं, आणि त्यात पलीकडच्या खोलीत हे असं सारखं थांबून थांबून काय वाजवतायत?

"बसा साहेब," कप्तानबाई म्हणाल्या, "पुढच्या वर्षाचं बोलायचंय." आणि त्यांनी आपली खुर्ची खोलीच्या दाराच्या जरा जवळ सरकवली.